टोल किती वर्षं? चार्ल्स नदीवरच्या पुलाची गोष्ट

(१९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात, दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि तीही जेवणानंतरची. शाळेत असताना जेवणानंतरच्या तासाला आपण काय करायचो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कोणाचे डोळे मिटलेले दिसले तरी मी राग मानणार नाही. "तू आयुष्यभर सरकारी पूल बांधलेस, तर पुलावरच बोल," असा आदेश आला. मी बांधलेल्या पुलांवर मी बोलणार नाही. ते उभे आहेत, एवढं पुरे. मी तुम्हाला एका अशा पुलाची गोष्ट सांगणार आहे, जो आता उभा नाही, पण ज्याच्यावरून झालेलं भांडण आजही आपल्या प्रत्येक टोल नाक्यावर चालू आहे.

हा पूल अमेरिकेतल्या बॉस्टनचा. माझी मुलगी त्या भागात राहते, त्यामुळे तिकडे माझं जाणं होतं. बॉस्टन आणि समोरचं चार्ल्सटाउन यांच्यामध्ये चार्ल्स नदी आहे. नदी म्हणायचं, पण तिथं ती समुद्राला मिळते, म्हणजे आपल्या कोकणातल्या खाडीसारखीच. भरती-ओहोटी, वारा, थंडीत बर्फ. अठराव्या शतकात बॉस्टन जवळजवळ बेटच होतं. एका चिंचोळ्या पट्टीनं ते मुख्य भूमीला जोडलेलं होतं. समोरचं गाव डोळ्यांना दिसतंय, पण जमिनीवरून जायचं तर मोठा वळसा. नाहीतर नाव.

ही नाव, कोकणात जिला तर म्हणतात ती, १६३० च्या दशकापासून चालत होती. आता आपल्यासारख्या शाळेच्या मेळाव्यात सांगण्याजोगी गोष्ट पुढे आहे. १६३६ साली तिथे हार्वर्ड कॉलेज निघालं. वसाहतीच्या सरकारकडे रोख पैसा कमी. कॉलेज चालवायचं कसं? १६४० साली सरकारनं त्या तरीचं उत्पन्न कॉलेजला देऊन टाकलं. म्हणजे बाजाराला जाणाऱ्या माणसानं नावाड्याला दिलेल्या पैशातला वाटा मास्तरांच्या पगाराला जायचा. आज ज्या विद्यापीठाचं नाव ऐकून आपण कान टवकारतो, त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या उत्पन्नात त्या नावेचाही वाटा होता.

जवळजवळ दीडशे वर्षं हे असं चाललं. मग स्वातंत्र्ययुद्ध झालं. १७७५ साली बंकर हिलच्या लढाईत चार्ल्सटाउन जळून गेलं. युद्ध संपल्यावर गाव पुन्हा उभं राहू लागलं आणि पुलाची मागणी जोर धरू लागली. सरकारच्या तिजोरीत पुलासाठी पैसा नव्हता. तेव्हा काही व्यापारी पुढे आले. आम्ही आमच्या पैशांनी पूल बांधतो, आम्हाला टोल घेऊ द्या. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं १७८५ साली त्यांना सनद दिली. टोल ४० वर्षं घ्यायचा, त्यानंतर पूल सरकारचा. आणि तरीचं उत्पन्न बुडणार म्हणून कंपनीनं हार्वर्डला दरवर्षी २०० पौंड द्यायचे.

आमच्या खात्यात याला "बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा" म्हणतात. १९९० च्या दशकात हे धोरण आपल्याकडे आलं तेव्हा ते अगदी नवीन असल्यासारखं आम्हाला शिकवलं गेलं. ते तेव्हाच दोनशे वर्षांचं झालेलं होतं.

त्या पुलाचं काम समजून घेण्यासारखं आहे. लांबी १५०३ फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. सगळा लाकडी. ओकचे सोट नदीच्या तळात ठोकून ७५ आधार उभे केले होते. जहाजं जावीत म्हणून मध्ये उचलता येणारा भाग होता. इतक्या खोल, भरती-ओहोटीच्या पाण्यात एवढा लांब पूल टिकेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता, आणि मी त्या काळात असतो तर माझाही नसता. पहिल्याच हिवाळ्यात बर्फ तो मोडून नेईल, अशी भीती होती. लेम्युएल कॉक्स नावाच्या कारागिरानं तो बांधून दाखवला. त्याचं नाव एवढं झालं की पुढे आयर्लंडमध्ये पूल बांधायला त्याला बोलावणं आलं. १७ जून १७८६ ला, बंकर हिलच्या लढाईच्या वर्षदिनी, पूल खुला झाला. तोफा उडाल्या, मिरवणूक निघाली, जेवणावळी झाल्या.

हा भाग मी मुद्दाम सांगतो आहे. पुढची भांडणं ऐकताना आपल्याला कंपनीचा राग येईल. पण ज्यांनी सुरुवातीला पैसे घातले त्यांनी जोखीम घेतली होती. पूल वाहून गेला असता तर त्यांना कोणी एक पैसा परत दिला नसता.

आता टोलचे दर. पायी माणसाला वेगळा, घोडेस्वाराला वेगळा, हातगाडीला वेगळा. श्रीमंतांच्या चार चाकी बग्गीला एक शिलिंग. मेंढ्या आणि डुकरं मोजायची डझनावर. आपल्या नाक्यावरचा दरफलक आठवा: कार, जीप, बस, ट्रक, बहुअक्षीय वाहन. फलक तोच, फक्त डुकरं गेली.

पूल टिकला आणि धंदा वाढला. बॉस्टन वाढलं, चार्ल्सटाउन वाढलं, मागची गावं वाढली. सुरुवातीला एक शेअर होता ३३३ डॉलरचा. असे १५० शेअर, म्हणजे साधारण ५० हजार डॉलर भांडवल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत त्या शेअरचा भाव २००० डॉलरच्या वर गेला. सरळव्याजाची गणितं आपण याच इमारतीत केली आहेत, त्यामुळे हिशेब मी तुमच्यावर सोडतो. मूळ खर्च अनेक पटींनी वसूल झाला होता. लोक विचारू लागले, आता टोल कशाचा?

मध्ये एक गोष्ट घडली होती. १७९२ साली सरकारनं केंब्रिजच्या बाजूला दुसऱ्या एका पुलाला परवानगी दिली. त्यामुळे आपलं उत्पन्न कमी होईल अशी जुन्या कंपनीची तक्रार. तेव्हा तिची मुदत ४० वर्षांवरून ७० वर्षं केली गेली. म्हणजे १८२६ ला सुटणारा टोल १८५६ पर्यंत गेला. आमच्या फायलींमध्ये याला "मुदतवाढ" म्हणतात. हा शब्द फार साधा दिसतो. करार होताना गावभर चर्चा होते, पेढे वाटले जातात. मुदतवाढ एका पानाच्या पत्रानं होते आणि ते पत्र पुलावरून जाणाऱ्या माणसाला कधी दिसत नाही. १७९२ ची मुदतवाढ तरी विधिमंडळात, उघडपणे झाली होती. पण त्या ३० जादा वर्षांनीच पुढचा सगळा तंटा उभा केला.

१८२० च्या दशकात चार्ल्सटाउनच्या व्यापाऱ्यांनी मागणी केली की आम्हाला दुसरा पूल द्या. अखेर १८२८ साली विधिमंडळानं वॉरन पुलाला सनद दिली. डॉक्टर जोसेफ वॉरन बंकर हिलच्या लढाईत मारले गेले होते, त्यांचं नाव. हा नवा पूल जुन्यापासून किती लांब? चार्ल्सटाउनच्या टोकाला सुमारे ८० मीटर, बॉस्टनच्या टोकाला सुमारे २५० मीटर. या व्यासपीठापासून आपल्या शाळेच्या फाटकापर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणा, तेवढाच प्रकार. आणि अट काय होती? बांधकामाचा खर्च वसूल होईपर्यंतच टोल घ्यायचा, जास्तीत जास्त ६ वर्षं, त्यानंतर पूल सरकारचा आणि येणंजाणं फुकट.

मंडळी, शेजारी फुकट पूल असताना टोलच्या पुलावरून कोण जाईल? जुन्या कंपनीला हे दिसत होतं. बांधकाम चालू असतानाच ते कोर्टात गेले. पण वॉरन पूल १८२८ च्या नाताळला सुरू झाला. जुन्या पुलाचं उत्पन्न घसरलं. १८३६ साली नव्या पुलावरचा टोल बंद झाला आणि जुन्या पुलावर शुकशुकाट झाला.

आता खटला. कंपनीचं म्हणणं असं की सनद म्हणजे करार. सरकारनं आम्हाला टोलचा हक्क दिला, आणि त्याला खेटून दुसरा पूल बांधून तो हक्क निरर्थक केला. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राज्यांना करार मोडणारा कायदा करता येत नाही. या मुद्द्याचा पाया एका कॉलेजच्याच खटल्यानं घातला होता. न्यू हॅम्पशायर राज्यानं डार्टमथ कॉलेज ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला होता. तेव्हा त्या कॉलेजचा माजी विद्यार्थी डॅनियल वेब्स्टर याने आपल्या कॉलेजची बाजू मांडली, आणि १८१९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कॉलेजची सनद हा करार आहे, राज्याला तो मोडता येणार नाही. माजी विद्यार्थ्यानं शाळेसाठी काय करावं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. तोच वेब्स्टर आता पुलाच्या कंपनीचा वकील झाला.

मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात चार न्यायाधीश होते. दोन एकीकडे, दोन दुसरीकडे. प्रकरण वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८३१ साली पहिला युक्तिवाद झाला, पण न्यायाधीशांचं एकमत होईना. वर्षं गेली. सरन्यायाधीश मार्शल वारले, नवे सरन्यायाधीश रॉजर टॅनी आले. १८३७ च्या जानेवारीत पुन्हा युक्तिवाद झाला आणि फेब्रुवारीत निकाल लागला. सातपैकी चार न्यायाधीश वॉरन पुलाच्या बाजूने.

टॅनी यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. सनदेत टोल घ्यायचा हक्क लिहिला आहे, तो कंपनीला आजही आहे. पण शेजारी दुसरा पूल होऊ देणार नाही असं वचन त्यात कुठं आहे? जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरायचं नाही. सार्वजनिक हक्क खासगी माणसाला देताना शब्द संदिग्ध असतील, तर अर्थ जनतेच्या बाजूने लावायचा. आणि व्यवहाराची गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. तेव्हा रेल्वे येत होती. जुन्या टोलच्या रस्त्यांच्या कंपन्या बहुतेक मरगळलेल्या होत्या. सनदेचा असा ताणलेला अर्थ मान्य केला तर त्या सगळ्या जाग्या होतील आणि प्रत्येक रेल्वेमार्गाकडे भरपाई मागतील. देश मागच्या शतकात अडकून पडेल.

विरोधी मत न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांचं होतं. लांबलचक आणि अभ्यासपूर्ण. त्यांचा मुद्दा हलका नाही. सरकारनं आज हक्क द्यायचा आणि उद्या त्यातला सगळा रस काढून घ्यायचा, असं झालं तर लोकांच्या सोयीच्या कामात पुढच्या वेळी पैसा कोण घालेल? पुलाचा हक्क देताना शेजारी त्याचा घात करणार नाही हे त्यात आलंच.

आणखी एक बारीक तपशील. स्टोरी हार्वर्डच्या कारभारी मंडळावर होते आणि तिथे कायदाही शिकवत. वॉरन पुलाच्या बाजूने लढणारे एक वकील सायमन ग्रीनलीफ हेही हार्वर्डमध्येच कायद्याचे प्राध्यापक, स्टोरींचे सहकारी. कॉलेजला जुन्या पुलाकडून पैसे मिळत होते. म्हणजे एक प्राध्यापक आपल्याच कॉलेजच्या उत्पन्नाविरुद्ध लढत होता आणि त्याला कॉलेजनं अडवलं नाही. ही गोष्ट मला फार आवडते.

निकालानंतर काय झालं? जुनी कंपनी मोडली. सुरुवातीच्या जोखीमदारांनी कमवायचं ते कधीच कमावलं होतं. बुडाले ते, ज्यांनी २००० डॉलरला शेअर घेतला. त्यांनी पुलापेक्षा एक समजूत विकत घेतली होती, की हा टोल असाच चालणार. १८४१ साली राज्यानं जुना पूल २५ हजार डॉलरला विकत घेतला, म्हणजे मूळ भांडवलाच्या सुमारे निम्म्या रकमेला.

आज त्या जागी पूल आहे. १९०० च्या सुमारास तिथे पोलादी पूल आला, आता त्याच्याही जागी नवा झाला आहे आणि त्याला बॉस्टनचा थोर बास्केटबॉलपटू बिल रसेल याचं नाव दिलं आहे. पर्यटक स्वातंत्र्ययुद्धाच्या खुणा बघत तिथून पायी जातात. कोणी पैसे मागत नाही.

हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं? आपल्याकडे टोलवर बोलताना दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, टोल म्हणजे लूट. दुसरी म्हणते, रस्ता हवा तर पैसे द्या. कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून शहरातला टोल बंद पाडला. मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. दोन्हीकडे लोकांना आनंद झाला आणि तो समजण्यासारखा आहे. पण टोल बंद कधी व्हायचा, हे रस्त्यावर ठरावं लागणं किंवा निवडणुकीच्या तोंडावर ठरणं, यात माझ्यासारख्या अभियंत्याला समाधान वाटत नाही. ते पहिल्या दिवशीच कागदावर ठरायला हवं. वॉरन पुलाच्या सनदेत ते एका वाक्यात होतं: खर्च वसूल होईपर्यंत, पण ६ वर्षांच्या वर नाही. रकमेचीही मर्यादा आणि वर्षांचीही मर्यादा. किती जमले आणि किती बाकी आहेत, हे नाक्यावरच्या फलकावर रोज लिहिलं, तर निम्मी भांडणं होणार नाहीत. आणि वचन मोडायची वेळ आलीच, तर भरपाई आधी ठरवावी, जवळजवळ नऊ वर्षं कोर्टात घालवल्यावर नाही.

याच काळात मुंबईत काय चाललं होतं तेही ऐका. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मिठी नदीच्या मुखाशी खाडी होती. तिथेही नावा, तिथेही अपघात, माणसं बुडायची. बांध घालायला सरकार पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, की येणाऱ्याजाणाऱ्याकडून सरकारनं टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. बॉस्टनच्या पुलाची सनद लिहिणाऱ्यांनी मुदतीची बाब एकदा लिहिली आणि पुढे ती सैल केली. अवाबाईंनी एका वाक्यात ती कायमची बांधून टाकली. त्या वाटेवरून आजही रोज माणसं जातात, आणि लेडी जमशेटजी रस्त्यावरच्या दुकानाची पाटी वाचताना बहुतेकांना ती अट माहीत नसते.

सगळे पूल देणगीतून होणार नाहीत, हे मी जाणतो. अवाबाई रोज भेटत नाहीत. खासगी पैसा लागेल आणि त्या पैशाला परतावाही द्यावा लागेल. फक्त परतावा कुठे संपतो, ती रेघ आधी ओढलेली असावी.

जाता जाता आपल्या घरचं. आज सकाळी आपण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जाहीर केला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. माझी विनंती आहे की संध्याकाळपर्यंत समितीनं एक साधा कागद करावा. किती रक्कम, कशासाठी, देखभाल कोण करणार आणि किती वर्षं. शिवाय एक अट त्यात घालावी: या प्रयोगशाळेसाठी कोणत्याही मुलाकडून वेगळी फी घेतली जाणार नाही. त्या कागदावर आपल्या मुख्याध्यापकांची सही असावी आणि आपल्यातल्या दोघांची. पुढच्या पन्नास वर्षांनी आपण नसू. तेव्हा कोणाला प्रश्न पडला, तर आपल्या मनात काय होतं ते कोणी कोर्टात जाऊन शोधायला नको. ते लिहिलेलं असावं.

वीस मिनिटं संपली. मागच्या बाकावर अजून दोघं जागे आहेत, त्यांचे प्रश्न चहाच्या वेळी घेतो.